लाल उडाला की उडवला?

माझ्या धाकट्या भावाचं नाना पेठेत गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे आणि माझ्या मुलीला इलेक्ट्रिक गिटारचं वेड आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब होत्या तोवर घरात शांतता होती. यंदाच्या पावसाळ्यात तिने आल्डरच्या लाकडाची एक कोरी बॉडी मागवली, फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची, आणि काकासमोर ठेवून म्हणाली, "रंग तू मार. सनबर्स्ट." काकाने चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "कुठला?" रविवारची आख्खी दुपार या एका प्रश्नात गेली.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. मध्यभागी उजळ आणि काठाकडे गडद होत जाणाऱ्या रंगकामाला सनबर्स्ट म्हणतात. पिवळ्यातून थेट तपकिरी-काळ्यात गेला तर दोन रंगांचा, मधे लाल पट्टा आला तर तीन रंगांचा. एवढंच. बाहेरच्या माणसाला सगळे सारखेच दिसतात. आतल्या माणसांचं मात्र काठ किती रुंद असावा यावरून बोलणं बंद होऊ शकतं. मला गिटार वाजवता येत नाही आणि स्प्रे गनही धरता येत नाही, त्यामुळे टिपणं काढायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

लेक: मला मधे भरपूर पिवळा हवाय, थोडा जुनाट, आणि काठाला जेमतेम बोटभर तपकिरी. लाल अजिबात नको. एकोणसाठच्या लेस पॉलसारखं.

भाऊ: एकोणसाठच्या लेस पॉलला लाल होता. रंगाचं नावच चेरी सनबर्स्ट.

लेक: होता. आता नाही. जे सगळ्यात सुंदर म्हणतात त्यांच्यावर तर नाहीच.

भाऊ: अगं, गेला तो. कुणी मुद्दाम घालवला नाही.

(भावाचं हे वाक्य मी तेव्हाच लिहून घेतलं. पुढचं सगळं भांडण त्याच्यात होतं.)

लेक: मला माहितीये काय झालं ते. गिब्सनची लेस पॉल १९५२ साली आली ती सोनेरी रंगात. खप घसरायला लागला म्हणून १९५८ साली सोनेरी काढून वरचं मेपल दिसेल असा पारदर्शक रंग दिला. आधी पूर्ण पिवळा, मग कडेने लाल. त्यातला लाल ॲनिलिनचा होता आणि तो उजेडात टिकत नव्हता. कुणाची गिटार दुकानाच्या काचेत लटकत राहिली, कुणाची पलंगाखाली पेटीत. एकाच कारखान्यातून एकाच रंगात निघालेल्या गिटारी आज एकसारख्या नाहीत. एखादी लिंबासारखी पिवळी, एखादी चहाच्या रंगाची, एखादीवर बर्स्ट उरलेलाच नाही. पिकगार्ड काढलं की खाली मूळचा लाल तसाच्या तसा सापडतो.

भाऊ: बघ, तूच सांगतेस. खाली सापडतो तो खरा रंग. वर दिसतो तो त्याचा ऱ्हास.

लेक: ऱ्हास कसला? लोकांना तोच आवडतो.

भाऊ: लोकांना तेव्हा काहीच आवडलं नव्हतं. तीन वर्षांत किती विकल्या?

लेक: फार तर सतराशे.

भाऊ: फार तर सतराशे! साध्या दुचाकीचं एखादं मॉडेल एवढं कमी खपलं तर कंपनी दुसऱ्या महिन्यात बंद करेल. त्यांनीही केलंच. १९६१ साली लेस पॉलचा आकारच बदलला, शिंगांचा पातळ आकार आणला. म्हणजे ज्या रंगाला तू देवघरात ठेवतेस तो बाजारात पडलेला माल होता.

लेक: पडलेला माल उचलणाऱ्यांची नावं सांगू? पीटर ग्रीन, जिमी पेज, बिली गिबन्स. पीटर ग्रीनची तीच गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली आणि आता मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. तीन पिढ्यांचे हात, तीन प्रकारचं संगीत आणि एकच उडालेला रंग.

भाऊ: हात वाजवतात, रंग वाजत नाही.

(इथे दोघे रंगाने आवाज बदलतो की नाही या वादात शिरणार होते. मी मधे पडून चहा मागवला. तो वाद ज्यांना ऐकायचाय त्यांनी दोन गिटारवादकांना एका टेबलावर बसवावं आणि उठून जावं.)

भाऊ: बरं, तुझी बॉडी बघू. आल्डर. तीन तुकडे जोडलेत, हा बघ सांधा, आणि हा दुसरा. रेषा आहेत का लाकडाला? नावापुरत्या. लेस पॉलच्या मेपलवर वाघाचे पट्टे हलतात ना, तसं यात काहीही नाही. मधे पिवळा ऐसपैस ठेवून तू लोकांना दाखवणार काय? सांधे?

लेक: म्हणजे काळा काठ हवा तो सांधे झाकायला.

भाऊ: मग कशाला असतो? काळा काठ म्हणजे रंगातली लांबी. गाडीच्या पत्र्याला आम्ही पोचा लांबीने भरतो, फेंडरवाले कडेचे जोड गडद रंगाने बुजवत होते. यात कमीपणा काहीच नाही. १९५४ साली स्ट्रॅट आली ती ॲशच्या लाकडात, दोन रंगांच्या बर्स्टमध्ये. ॲशच्या रेषा ठळक, त्या मधल्या पिवळ्यात छान दिसायच्या. १९५६ साली आल्डर आलं, स्वस्त, हलकं, रंगवायला सोपं, पण चेहरा सपाट. मग १९५८ला पिवळ्या आणि काळ्यामधे लाल घातला. माझं म्हणशील तर तो लाल आल्डरमुळेच आला असावा. लाकडाकडे बोलायला काही नसेल तर रंगाला बोलावं लागतं.

लेक: हे तू आत्ता बनवलंस.

भाऊ: बनवलं. पण पटलं ना?

(मला पटलं. पुरावा नसला तरी पटलं. अठ्ठावन्नच्या स्ट्रॅटवरचा लालही टिकला नाही, तोही उडाला आणि त्या गिटारी पुन्हा दोन रंगांच्या दिसू लागल्या, ही गोष्ट लेकीने लगेच काढली. भावाने ती ऐकलीच नाही असं दाखवलं.)

लेक: पण सनबर्स्ट झाकायलाच जन्माला आला असं म्हणू नकोस. गिब्सनमध्ये लॉइड लोअर होता तेव्हाचं बघ. १९२२ साली त्याने एफ-फाइव्ह मँडोलिन आणि एल-फाइव्ह गिटार आणली, त्यांच्यावर क्रेमोना ब्राउन नावाची छटा होती. त्याखाली उत्तम मेपल आणि स्प्रूस होतं, झाकण्यासारखं काही नव्हतंच. आणि ते काम गनने नाही, हाताने रंग चोळून केलेलं होतं. नाव क्रेमोनाचं का? कारण व्हायोलिनवाला स्ट्राडिव्हारी क्रेमोनाचा. जुन्या व्हायोलिनवर जिथे हात, हनुवटी आणि कापड घासतं तिथलं व्हार्निश झिजून फिकट होतं, कोपऱ्यात गडद राहतं. अमेरिकेतल्या कलामझू गावात बसून त्यांनी नव्या कोऱ्या वाद्यावर तो जुनेपणा उतरवला. म्हणजे सनबर्स्ट पहिल्यापासून म्हातारपणाची नक्कल आहे, काका. मी वेगळं काय मागतेय?

भाऊ बराच वेळ गप्प बसला. त्याचं गप्प बसणं म्हणजे हार नव्हे. तो बॉडी उलटीपालटी करत होता, अंगठ्याने कडेची गोलाई तपासत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ तो फक्त काठाविषयी बोलत होता आणि लेक फक्त मध्याविषयी. सनबर्स्टमध्ये काय आवडतं याचं उत्तर बहुधा तुम्ही त्यात आधी कुठे बघता यावर ठरतं. मध्य हा लाकडाचा भाग. काठ रंगाऱ्याचा. गन किती अंतरावर धरली, हात कुठे वळवला, फवारा बाहेरच्या दिशेने मारला की आतल्या, हे सगळं काठावर कळतं. लाल आणि काळा जिथे मिसळतात तिथे ठिपके दिसले तर घाई झाली, पट्टा दिसला तर हात थांबला. काम करणाऱ्या माणसाने काठाकडे बघावं आणि वाजवणाऱ्याने मध्याकडे, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

भाऊ: नक्कल आणि नक्कल यात फरक आहे. त्या लोअरच्या माणसांनी छटा घेतली, ओरखडे नाही घेतले. आता काय चाललंय? फेंडरने १९९५ साली रेलिक काढल्या. नवी गिटार कारखान्यातच घासून, टवके पाडून, स्क्रू गंजवून विकायची, आणि धडधाकट गिटारीपेक्षा महाग. माझ्याकडे कुणी नवी गाडी आणून म्हणालं की जरा दार चेपून द्या, तर मी त्याला बसवून पाणी देईन आधी.

लेक: मी टवके मागितलेच नाहीत! टवके मलाही नकोत. रंग फिकट व्हावा एवढंच म्हणतेय.

भाऊ: टवके तरी स्वतः पाडता येतात. रोरी गॅलाघरचं माहितीये ना?

लेक: मला विचारतोस? एकसष्टची स्ट्रॅट, तीन रंगांची. आता रंग नावाला उरलाय.

भाऊ: तीच. ती आधी ज्याच्यासाठी आली होती त्या रॉयल शोबँडच्या वादकाला लाल गिटार हवी होती, चुकून सनबर्स्ट आली असं सांगतात. त्याने नाइलाजाने वापरली, लाल मिळाल्यावर विकून टाकली. आणि १९६३ साली कॉर्कच्या दुकानातून पंधरा वर्षांच्या रोरीने शंभर पौंडांना घेतली. कुणाला नकोसा झालेला रंग! पुढे तीस वर्षं घामाने आणि मनगटाने त्याने तो खरवडून काढला. २०२४ साली लिलावात तिला जवळजवळ नऊ लाख पौंड आले आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यात आली. तुला उघडं लाकूड हवंय ना? वाजव मग तीस वर्षं.

लेक: म्हणजे आवडता रंग मला पन्नाशीनंतर मिळणार.

भाऊ: मलाही माझं गॅरेज पन्नाशीनंतरच मिळालं.

(हे खोटं आहे. गॅरेज त्याला चाळिशीत मिळालं. मी हिशेब ठेवलेत.)

लेक: खरं सांग, तुला स्वतःला काय आवडतं? तुझी स्वतःची गिटार असती तर?

भाऊ: माझी? एकच रंग. फिएस्टा रेड. फोर्डच्या थंडरबर्ड गाडीचा रंग आहे तो. नाहीतर लेक प्लॅसिड ब्ल्यू, तो कॅडिलॅकचा. साठच्या दशकात फेंडरचे कस्टम रंग ड्यूपॉन्टच्या मोटारींच्या डब्यांतूनच यायचे, ड्यूको आणि ल्यूसाइट. आपल्याकडे सुतार अजून फर्निचरला ड्यूको मारतो म्हणतात, तेच घराणं. कस्टम रंगाला पाच टक्के जास्त पडायचे. सनबर्स्ट फुकट. म्हणजे सनबर्स्ट कुणाचा? ज्याने काहीच निवडलं नाही त्याचा.

लेक: बॉब डिलन न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात १९६५ साली इलेक्ट्रिक घेऊन उभा राहिला ती सनबर्स्ट होती.

भाऊ: तेच तर. लोकांनी हुर्यो केली ती गिटार इलेक्ट्रिक आहे म्हणून, रंगाकडे कुणी बघितलंही नाही. कंपनीतून जशी यायची तशी आली होती. पुढे २०१३ साली नऊ लाख पासष्ट हजार डॉलरना गेली ती माणसामुळे. क्लॅप्टनची ब्राउनीसुद्धा दोन रंगांची साधी छप्पनची स्ट्रॅट. साधेपणाला नंतर भाव येतो. मला त्याचं काही नाही. पण साधा रंग साधेपणाने मारावा. त्यात सत्तर वर्षांचं ऊन ओतू नये.

लेक: आणि जे बर्स्ट नंतर झाले ते? सत्तरच्या दशकातल्या स्ट्रॅट तुला आवडतात? काळा गच्च, पिवळा रंगाच्या डब्यातल्यासारखा, वरून पॉलिएस्टरचा जाड थर.

भाऊ: शी. ते मीसुद्धा मारणार नाही. लाकडाला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्यासारखं.

(या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं. मी तारीख लिहून ठेवली आहे.)

लेक: मग चंदेरी बर्स्ट? टूल बँडच्या ॲडम जोन्सची लेस पॉल कस्टम, १९७९ची. मधे चंदेरी, कडेला काळा. वरचं लॅकर पिवळं पडत गेलं आणि चंदेरीवर हिरवट झाक आली. तीही कुणी ठरवली नव्हती.

भाऊ: ती मला आवडते.

लेक: हं! का?

भाऊ: कारण ती चुकून झालीय.

लेक: आणि मी मागते ती ठरवून होणार म्हणून वाईट.

भाऊ: वाईट नाही. माझ्या हातून नाही, एवढंच.

इथे मला वाटलं, संपलं. ती बॉडी परत खोक्यात जाणार आणि पुढचे दोन रविवार माझ्या घरात जेवताना कुणी कुणाशी बोलणार नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी भावाच्या बाजूने झुकलो होतो. दिसण्याबद्दलचं लेकीचं म्हणणं बरोबर होतं. फिकट झालेला चेरी सनबर्स्ट खरोखर सुंदर दिसतो, मी फोटो पाहिले आहेत. पण फिकट झालेल्या दोन गिटारी एकमेकींसारख्या नसतात, आणि मुद्दाम फिकट रंगवलेल्या दोन असू शकतात, ही गोष्ट मला खटकत होती. पहिल्या प्रकारात उन्हाने प्रत्येकीला वेगळं वागवलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात कुणाच्या तरी फोटोवरून रंग जुळवलेला असतो. एवढ्यात लेकीने एक सरळ प्रश्न विचारला.

लेक: काका, तुझ्याकडे न टिकणारा लाल आहे?

भाऊ: म्हणजे?

लेक: म्हणजे तू मार सगळं रीतसर. तीन रंग. पिवळा, लाल, काठाला गडद. तुझ्या पद्धतीने. फक्त लाल तो घाल जो उजेडात उडेल. १९६०च्या सुमाराला गिब्सनने लाल बदलला आणि पक्का आणला, त्याला आता टोमॅटो सूप म्हणतात. तो नको. त्याच्या आधीचा. मी गिटार पेटीत ठेवणार नाही, भिंतीवर ठेवेन, खिडकीसमोर. पुढे जे होईल ते.

भाऊ: गिऱ्हाइकाला कच्चा रंग मारायचा? तीस वर्षं या धंद्यात पक्क्या रंगाची हमी देतोय मी.

लेक: मी गिऱ्हाईक नाही, पुतणी आहे.

भाऊ: पैसे देणार नाहीस असा अर्थ आहे याचा.

लेक: तसंही घेणार होतास?

भावाने बॉडी खिडकीकडे नेली, तिरकी धरली, पुन्हा आणली. मग त्याने काय केलं, तर कोपऱ्यातून लाकडाची एक फळी काढली आणि तिच्यावर पेन्सिलीने बॉडीची कड आखली. कड एवढी, लाल इथपर्यंत, पिवळा इथून. लेक म्हणाली, लाल अर्धा इंच आत घे. तो म्हणाला, उडणारच आहे तर आत कशाला, बाहेरच ठेवतो, उडाल्यावर तुझा पिवळा मोठा होईल. ती म्हणाली, पण तोवर मला बघायचाय ना. म्हणजे बाईसाहेबांना लालही हवा होता तर! पाव इंचावर तोड निघाली. सांधे दिसू नयेत म्हणून वरच्या शिंगापाशी काठ थोडा रुंद ठेवायचा हेही ठरलं. त्याबद्दल लेक फार वेळ भांडली नाही. सांधे तिलाही दिसले होते, तिने फक्त मान्य केलं नव्हतं.

लेक: मग उद्या सुरू करतोस?

भाऊ: उद्या? बाहेर बघ.

बाहेर पुण्याचा श्रावण होता, म्हणजे ऊन आणि सर दोन्ही एकाच वेळी. भावाने मला समजावून सांगितलं, कारण लेकीला ते ठाऊक होतं आणि ती विसरल्याचं नाटक करत होती. नायट्रोसेल्युलोज लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, तो उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेत ओल असेल तर ती तिथेच बसते. रंग दुधाळ पांढरा पडतो. मारलेला हात पुन्हा थिनरने उतरवावा लागतो. पिवळ्याचा एक हात, लालची फवारणी, गडद काठ, मग पारदर्शक लॅकरचे कितीतरी हात, प्रत्येकाच्या मधे वाळायला वेळ. शेवटी वॉटर पेपर आणि कंपाउंड, तेही लॅकर आठवडा-दोन आठवडे नव्हे, चांगलं मुरल्यावर.

भाऊ: दसऱ्यानंतर बघू. तोवर फळीवर दोन-तीन लाल मारून गच्चीवर ठेवतो, अर्धी फळी कागदाने झाकून. कुठला उडतो ते कळेल.

लेक: गच्चीवर पावसात?

भाऊ: ऊन पडलं की ठेवायची, पाऊस आला की तू पळत जाऊन आत आणायची. रंग तुला उडवायचाय, मला नाही.